फळीवरची मुंगी

हंगाम ऐन तोंडावर आला आणि मामंजींच्या कमरेत उसण भरली. तेव्हा पाठीवर पोतं नव्हतं की पायाखाली फळी नव्हती. अंगणात चप्पल उचलायला वाकले आणि तसेच राहिले. माझा नवरा आणि माझी नणंद, दोघांनी त्यांना वाकलेलंच उचललं आणि खुर्ची ठेवावी तसं खाटेवर ठेवलं.

"चाळीस वर्षं पोती वाहिली," सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, म्हणाल्या, "आणि मोडले कशानं, तर चपलेनं."

मामंजी हसायला गेले, पण हसणं कमरेत गेलं. मग ते नुसते छताकडे बघत राहिले.

धान्याच्या गोदामात बारा जणांची टोळी होती. ट्रकमधून पोतं पाठीवर घ्यायचं, लाकडी फळीवरून चढायचं आणि वर थप्पीवर नेऊन टाकायचं. टोळीत एकेका घराची एकेक जागा. घरची जागा घरच्यानंच चालवायची. हंगामात आठ दिवस रिकामी राहिली की मुकादम ती दुसऱ्या घराला देणार. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून तो कुणी मोडतही नव्हतं.

घरात दुसरा पुरुष म्हणजे माझा नवरा. लग्नाआधी हे पळायचे. गावात यांना हरणा म्हणत, अजूनही म्हणतात. पळायचे तेव्हा घरातलं दूध यांचं, अंडी यांची, आणि दुपारी झोपले की अंगणात भांडंसुद्धा वाजवायचं नाही. यांचा पळतानाचा फोटो चौकट करून दारासमोरच लावलेला आहे. मग गुडघा गेला. चढावर वजन घेतलं की तो बाहेर निसटतो. म्हणून हे गोदामात खाली बसून दाभणानं पोत्यांची तोंडं शिवतात. ते काम बायकांचं. आठ बायका आणि हे.

"हरणा कसला, हरणी," टोळीतले म्हणायचे. "हरणी, सुतळी संपली का गं?"

हे हसायचे. घरी आले की बराच वेळ हात धूत बसायचे.

नणंद यांच्या पाठची. जन्मली तेव्हा एवढीशी होती, दाईच्या ओंजळीत मावली, म्हणून नाव पडलं मुंगी. आता एकोणीस वर्षांची. दारातून आत येताना खांदा तिरका करते. ती गोळा फेकते, लोखंडी गोळा, शाळेपासून. शाळेतले सर, ज्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असते, ते अजूनही रोज संध्याकाळी तिला मैदानावर बोलावतात. तिला मिळालेली पदकं पिठाच्या डब्यामागे खिळ्याला टांगलेली आहेत. पीठ काढायला गेलं की वाजतात. आत्याबाईंसमोर मी तिला ताई म्हणते, दोघीच असलो की मुंगी.

मामंजी पडल्याच्या चौथ्या दिवशी ती जेवताना म्हणाली, "मी जाते फळीवर."

हे ताटातच बघत होते.

"पन्नास किलोचं पोतं असतं," मामंजी खाटेवरून म्हणाले.

"ठाऊक आहे. मैदानावर याच्याहून जास्त खांद्यावर घेऊन उठबशा काढते मी."

"ते मैदान. तिथं लोक टाळ्या वाजवतात."

"कुठे वाजवतात?" मुंगी म्हणाली आणि पाणी प्यायली.

मुकादमानं तिला पायापासून वरपर्यंत बघितलं. बैल विकत घेताना बघतात तसं, पण त्याची नजर वाईट नव्हती. "चालेल," तो म्हणाला. "पण फळीवर बाई चढवायची नाही असा कंपनीचा नियम आहे. साहेब पंधरा दिवसांतून एकदा येतो. बापाचा सदरा घाल, केस आत घालून डोक्याला पंचा बांध. साहेबानं विचारलं तर तू हरणा. कळलं?"

"आणि मी?" हे म्हणाले.

"तुला कोण विचारतंय? तू बायकांत बसतोस."

त्यावर सगळे हसले. मुंगी हसली नाही, पण सदरा तिनं घातला.

दीड महिना ती पहाटे उठून गोदामात गेली. संध्याकाळी तिथूनच मैदानावर जायची, अंधार पडता पडता घरी यायची. मग मी बाळाला मांडीवर घेऊन पाजायची आणि मोकळ्या हातानं तिच्या मानेला तेल चोळायची. पोत्याच्या शिवणीनं मानेवर एक लाल पट्टी उठली होती. हळूहळू ती काळी पडली, कडक झाली. बाळ पाच महिन्यांचं होतं. दूध पिता पिता हात लांब करून आत्याचा कान धरायचं. मुंगी मान हलवायची नाही. बसल्या बसल्या झोपायची, कान बाळाच्या मुठीत देऊन.

टोळीतल्या लोकांनी पहिल्या आठवड्यात पैजा लावल्या. तिसऱ्या दिवशी पळेल, पाचव्या दिवशी रडेल. ती पळाली नाही. मग त्यांनी तिला भाऊ म्हणायला सुरुवात केली. "भाऊ, विडी ओढणार?" "भाऊ, जरा सरक." हा मान होता की थट्टा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ती सरकायची.

हंगामाच्या मध्यावर टोळीचा फोटो निघाला. दरवर्षी निघतो. साहेब खुर्चीत, मागे बारा जण छाती काढून, हाताची घडी घालून. मुंगीही तशीच उभी राहिली. फोटोखाली एका ओळीत नावं छापली आणि तिच्या जागी नाव आलं तिच्या भावाचं. वर ठळक अक्षरांत, 'पुरुष हमाल टोळी'. एक प्रत गोदामाच्या भिंतीवर लागली. दुसरी मामंजींनी हट्टानं मागवून घेतली. घरची जागा रिकामी राहिली नाही, हे चारचौघांना दिसायला हवं होतं. खाटेवरून उठता येत नव्हतं, म्हणून जो भेटायला येईल त्याच्या हातात ते फोटो द्यायचे. "ओळखा बघू यात आमची मुंगी कुठली," म्हणायचे.

लोकांना ओळखू यायची नाही. मामंजींना त्याचं फार कौतुक.

एक दिवस समाचाराला आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी मोबाइलवर त्या फोटोचा फोटो काढला. मामंजींनीच तो नीट निघावा म्हणून उजेडाकडे धरला.

निवड चाचणीला नऊ दिवस राहिले होते, तेव्हा सर घरी आले. चाचणीत पहिल्या दोघींत आली की मुंगी शिबिराला जाणार होती. तिथं राहणं, खाणं, शिकवणारे लोक, आणि पुढे खेळाडूंसाठी राखलेली नोकरी. तिला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं. सर दारातच उभे राहिले. गळ्यातली शिट्टी खिशात घातली.

"तक्रार आली आहे," ते म्हणाले. "पलीकडच्या गावच्या पोरीच्या शिक्षकानं केली आहे. हा फोटो जोडलाय. म्हणतो, ही मुलगी नाही. पुरुषांच्या टोळीत पुरुषाच्या नावानं काम करते, हा पुरावा."

मामंजींनी फोटो उशीखाली सरकवला.

"मग आता?" यांनी विचारलं.

"डॉक्टरचा दाखला लागेल. मुलगी असल्याचा. आणि गोदामाचं पत्र, की नाव चुकून पडलं म्हणून."

आत्याबाई म्हणाल्या, "मी जन्म दिलाय. मी सांगते की."

"आईचं चालत नाही," सर म्हणाले.

मुकादमानं पत्र द्यायला नकार दिला. चिडला नाही, पण नाहीच म्हणाला. "मी लिहून दिलं की बाई आहे, तर पहिला मी जाईन, मग तुमची जागा. सरळ विचार करा." आम्ही सरळ विचार केला. त्याचं बरोबर होतं.

दाखल्याला मोठ्या गावच्या दवाखान्यात जायचं होतं. आदल्या दिवशी आत्याबाईंनी पेटीतून आपली कानातली काढली, लांब, लोंबती. मुंगीच्या कानांची भोकं बुजत आली होती. आत्याबाईंनी तेल लावून लावून ती पुन्हा मोकळी केली.

"जरा बाईसारखी दिस," त्या म्हणाल्या. "मी का तुझी वैरीण आहे? पण बघणाऱ्याला काहीतरी दिसायला नको?"

मुंगी मान तिरकी करून बसून राहिली. कानातून रक्ताचा एक थेंब आला, तो आत्याबाईंनी पदरानं टिपला.

दवाखान्यात मी बाळाला घेऊन गेले, कारण ते दूध पिणारं. आत एक टेबल, एक पडदा. डॉक्टरीणबाई वयानं मोठ्या, कामाला वाघ, पण घाईत. त्यांनी मला पडद्याच्या अलीकडे स्टुलावर बसवलं.

"पाळी येते?"

"येते."

"नियमित?"

"हंगामात चुकते."

"आवाज लहानपणापासून असाच?"

"हो."

"दाढी करावी लागते?"

"नाही."

"हात वर कर. दोन्ही. आता तिकडे वळ. आता ते काढ."

पडद्याखालून मला तिचे पाय दिसत होते. टाचांना भेगा, अंगठ्याला पट्टी. पाय हलले नाहीत. थप्पीवर वजन टाकायच्या आधी ती जसे रोवते तसे रोवलेले होते. दोन नर्सा काही काम नसताना आत गेल्या, बाहेर आल्या. त्यांतली एक माझ्याजवळ वाकून म्हणाली, "तुम्ही घरचे ना? घरात बघितलं असेलच की तुम्ही."

मी बाळाचं टोपडं सारखं केलं. मला आठवलं, माझ्या कळा सुरू झाल्या तेव्हा घरात हे नव्हते. गाडी लांब रस्त्यावर उभी होती आणि अंगणात चिखल होता. मुंगीनं मला दोन्ही हातांवर घेतलं आणि शेवटपर्यंत नेलं. वाटेत दोनदा विचारलं, "वहिनी, हादरे बसतात का?" तेव्हा ती कोण आहे हे कुणी विचारलं नव्हतं. हे नर्सेला सांगावंसं वाटलं, पण तिनं विचारलं होतं ते काही वेगळंच होतं.

"बघितलंय," मी म्हटलं. "मुलगीच आहे."

"नाही, आपलं विचारलं," नर्स म्हणाली.

दाखल्याचा कागद मिळाला. त्यावर शिक्का, सही, आणि मधे एक ओळ, की तपासणीत ही व्यक्ती स्त्री असल्याचं आढळलं. परत येताना गाडीत मुंगीनं तो घडी न करता मांडीवर धरला होता. वाऱ्यानं फडफडत होता.

"काय वाटतं गं?" मी विचारलं.

"कशाचं?"

तिनं बाळाला माझ्याकडून घेतलं आणि ते झोपेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

चाचणीच्या दिवशी आम्ही चौघं गेलो. ती, सर, मी आणि बाळ. हे आले नाहीत. टोळीतली जागा एक दिवस तरी कुणी धरायची म्हणून हे मुकादमाच्या मागे उभे राहायला गेले. मैदान मोठं होतं. एका बाजूला पोरं उड्या मारत होती. त्यांतला एक सगळ्यांत उंच, खांदे दाराएवढे. लोक त्याच्याकडे बघून म्हणत होते, "काय देह कमावलाय." मग तेच लोक इकडे वळले. मुंगी अंग मोकळं करत होती. एक बाई आपल्या मुलीला म्हणाली, "तसं नको बाई, तुझं आहे तेच बरं आहे."

टेबलामागच्या माणसानं दाखला वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली. "फेकू दे," तो म्हणाला. "पण सगळ्यांत शेवटी, वेगळी. निकाल वर पाठवू."

बाकीच्या पोरींचं झालं. त्या पाणी पीत सावलीला बसल्या. मग मुंगी एकटी वर्तुळात उतरली. तिनं गोळा हनुवटीखाली मानेला टेकवला आणि तिथंच आत्याबाईंचं कानातलं लोंबत होतं. गोळ्याखाली ते मानेत रुतलं. तिनं तसाच फेकला. गोळा जवळच पडला. कुणीतरी म्हणालं, "बघा, दाखला मिळाल्यापासून बाईसारखी फेकायला लागली." बरेच जण हसले. सरही ओठ दाबून जमिनीकडे बघत होते.

दुसऱ्या वेळेलाही तसंच झालं. मानेवर एक बारीक ओरखडा उठला, त्यात रक्त.

मी बाळाला कडेवर घेऊन दोरीखालून आत गेले. कुणी अडवायच्या आत तिच्या कानातलं काढायला लागले. एक निघालं, एक निघेना, फिरकी घामानं चिकटली होती. "ओढ," ती म्हणाली. मी ओढलं.

तिसरा गोळा पडला तिथपर्यंत त्या दिवशी कुठल्याच पोरीचा पोचला नव्हता. मोजायची फीत आणखी सोडावी लागली. टेबलामागच्या माणसानं आकडा दोनदा विचारला. लोक गप्प होते. त्या गप्प बसण्यात कौतुक नव्हतं. सगळ्यांची खात्री पटल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या नंबरच्या पोरीची आई गाडीच्या थांब्यावर माझ्याशेजारी उभी होती. बराच वेळ बाळाकडे बघत होती. मग हळू म्हणाली, "राग मानू नका. माझी पोरगी चार वर्षं मेहनत करते आहे हो."

"हीसुद्धा," मी म्हटलं.

"हो, पण हिचं..." ती थांबली. पुढचं तिलाही नीट ठाऊक नव्हतं. तिनं पिशवीतून एक केळं काढून मला दिलं. मी घेतलं.

दुसऱ्या दिवशी मुंगी नेहमीसारखी पंचा बांधून गोदामात गेली. मीही गेले, मामंजींच्या औषधाची चिठ्ठी साहेबाच्या सहीसाठी मुकादमाकडे द्यायची होती. साहेब आधीच आलेला. ठरलेल्या वाराच्या आधी, न सांगता. त्याच्या हातात क्रीडा कचेरीचं पत्र होतं. तुमच्या टोळीतली ही व्यक्ती कोण, असा खुलासा मागवला होता. मुकादम भिंतीवरच्या फोटोखाली उभा होता. फोटोतल्यासारखीच हाताची घडी घातली होती.

"हरणा कोण?" साहेबानं विचारलं.

पोती शिवणाऱ्या बायकांतून हे उठले. "मी."

"आणि फोटोत?"

मुंगीनं डोक्याचा पंचा सोडला. वेणी पाठीवर पडली. साहेबानं तिच्याकडे, मग फोटोकडे बघितलं. तो म्हणाला, "पुरावा काय?" आणि म्हणाल्यावर त्यालाच ते विचित्र वाटलं असावं, कारण तो खोकला.

तिनं सदऱ्याच्या खिशातून दाखला काढून दिला. त्यानं वाचला. या वेळी कुणी मागची बाजू बघितली नाही.

"म्हणजे बाई आहे," तो म्हणाला.

"हो."

"मग फळीवर चढायचं नाही. उद्या पडलीस तर जबाबदार कोण? खाली बस, शिवायला." मुकादमाकडे वळून म्हणाला, "आणि हा हरणा टोळीत आहे ना? नाव आहे ना खाली? मग तो कुठे बसलाय? त्याला चढव. नाहीतर जागा काढून टाक."

मुकादम यांच्या गुडघ्याकडे बघत होता. आम्ही सगळेच बघत होतो. मग यांनी दाभण मुंगीच्या हातात दिलं. दोघं एकमेकांशेजारून गेले, रस्त्यात अनोळखी माणसं जातात तसे. ती बायकांत जाऊन बसली. एका बाईनं सरकून जागा दिली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सरांचा होता. ती कानाला लावून नुसतं "हो सर, हो सर" म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर मी तिच्याजवळ गेले.

"काय म्हणाले?"

"पहिली आले मी. पण दाखला पुरत नाही म्हणतात. रक्ताची तपासणी लागेल. निकाल यायला तीन महिने."

"आणि शिबिर?"

"सोमवारपासून." तिनं दाभणात सुतळी ओवली. "दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरच्या जाणार."

बाळ कडेवरून तिच्याकडे झेपावत होतं. तिनं त्याचा पाय धरून हलवला आणि सोडून दिला. पोत्याचं तोंड जुळवलं आणि टाका घातला. टाके मोठे पडत होते. शेजारच्या बाईनं हात धरून दाखवलं, असं नाही, असं.

तिकडे दोघांनी मिळून यांच्या पाठीवर पोतं चढवलं. हे फळीपाशी आले. पहिली चार पावलं बरी गेली. मग फळी वाकली आणि मधोमध हे थांबले. डावा गुडघा थरथरत होता. पायजम्याच्या कापडातून दिसत होता. वरचे थांबले, खालचे थांबले. साहेब कागदातून मान वर करून बघायला लागला. मी बाळाचं तोंड खांद्याकडे वळवलं.

"दादा," मुंगी म्हणाली. ती ओरडली नाही, मानही वर केली नाही, टाका घालता घालता म्हणाली. "श्वास धरू नकोस. सोड. उजवा पाय आधी टाक. डावा नुसता मागून आण, त्याच्यावर भार देऊ नकोस. फळी खाली जाते तेव्हा थांब, वर येते तेव्हा पाऊल उचल."

यांनी श्वास सोडला. फळी खाली गेली, वर आली. उजवा. डावा मागून. पुन्हा उजवा.

"खाली बघू नकोस," ती म्हणाली. "बघतोयस तू."

हे वर पोचले. पोतं थप्पीवर आदळलं आणि धूळ उठली. हे तिथंच वाकून, मांड्यांवर हात टेकून उभे राहिले.

"शाब्बास रे मर्दा," टोळीतलं कुणीतरी म्हणालं. आणखी दोघांनी टाळ्या वाजवल्या. मुकादमही हसला. साहेबानं कागदावर काहीतरी लिहिलं.

मुंगीनं सुतळी दातानं तोडली. शिवलेलं पोतं बाजूला सारलं आणि पलीकडचं भरलेलं पोतं, एका हातानं कान धरून, उचलून मांडीपाशी घेतलं. सगळे अजून वरच बघत होते.